रमणाश्रमातला मुक्काम: एका खानावळवालीचा अभिप्राय

आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैला रमण महर्षींचा आश्रम आहे, त्या रमणाश्रमात प्रवचन नाही, शिबिर नाही, दीक्षा नाही, कुणी डोक्यावर हात ठेवत नाही. राहण्या-जेवण्याचे पैसे मागत नाहीत. दिवसभर काय करायचं, तेही कुणी सांगत नाही. हे चालणार असेल तर जरूर जा. परत आल्यावर शेजारणींना सांगण्याजोगा ‘अनुभव’ हवा असेल तर मात्र तेवढ्याच खर्चात बालाजीला जाऊन या, निदान लाडू तरी हातात पडतो.

मी कराडला खानावळ चालवते. मेंबर बहुतेक कॉलेजची पोरं, थोडे बँकेतले आणि बदलीवर आलेले एकटे गडी. डबेही जातात. त्यामुळे कुठेही गेले की माझं लक्ष आधी जातं वाढप्यांकडे, मग पातेल्यांकडे, आणि देवाकडे सगळ्यात शेवटी. इथेही तसंच झालं, म्हणून जेवणापासूनच सुरुवात करते.

साडेअकराला जेवण. साडेअकरा म्हणजे साडेअकरा. घंटा होते, दार उघडतं, माणसं आत शिरतात आणि जिथे जागा दिसेल तिथे फरशीवर मांडी घालतात. समोर पत्रावळ. भिंतींवर रमण महर्षींचे फोटो, म्हातारपणातले बरेच. कौपीन नेसलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस, आणि नजर अशी की खानावळीत उधारी बुडवून गेलेल्या पोरालासुद्धा त्यांनी त्याच नजरेने पाहिलं असतं. शेजारी कोण बसलंय याला काही अर्थ नसतो. माझ्या एका बाजूला कुणी परदेशी बाई होती, केस भादरलेली, तर दुसऱ्या बाजूला आंध्रातलं एक जोडपं, सोन्याने मढलेलं.

वाढपी मात्र बघण्यासारखे. बादली आणि पळी, अनवाणी पाय, तोंडातून शब्द नाही. भात पडतो तोच सांबार, सांबार भातात मुरायच्या आत भाजी. मग पुन्हा भात आणि रस्सम, शेवटी ताकभात. एक जण पुढे सरकतो तोवर मागचा तुमच्या पानापाशी आलेला असतो. हात आडवा धरलात तर पुढे जातात. आग्रहही नाही आणि कंजुषीही नाही. माझ्याकडे दोन पोरं वाढतात, त्यांना इथे आठवडाभर नुसतं बघायला पाठवावं असं मनात आलं. पत्रावळ आपली आपण उचलून बाहेर टाकायची.

चवीचं म्हणाल तर आपल्या जिभेला अळणीच. तिखट जवळजवळ नाही. मी शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून नेली होती, पण पंगतीत तो डबा उघडायचं धाडस झालं नाही. नाश्त्याला इडली किंवा पोंगल, दुपारी चारला चहा-कॉफी-दूध, रात्री साडेसातला परत पंगत. पोळीच्या आशेवर जाऊ नका. इडलीला मात्र माझ्याकडून पैकीच्या पैकी. हातात घेतली की कळतं पीठ कधी वाटलंय, किती वेळ ठेवलंय. या इडलीला आंबटपणा होता, पण उतरलेला नव्हता, आणि मोडली तर चुरा होत नव्हती. तांदळात उडीद किती घालतात ते विचारायला मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले होते. आतल्या बाईंना माझी भाषा कळेना, मला त्यांची. दोघी हसलो आणि परत फिरले.

आपल्या जेवणाआधी बाहेर साधू आणि गरीब माणसांची रांग लागते. आधी त्यांना वाढतात, मग आत पंगत बसते. हा क्रम रमणांच्या वेळेपासूनचा. स्वतः रमण या स्वयंपाकघरात पहाटे भाजी चिरायला बसायचे, चटणी वाटायचे, सांडलेला तांदळाचा दाणा उचलून ठेवायचे. आपल्या पानात इतरांपेक्षा जास्त पडलं की त्यांना खपायचं नाही. कुणी त्यांच्यासाठी औषध आणलं तरी ते सगळ्यांना द्या म्हणायचे. गुरूबिरू राहू दे बाजूला, खानावळवाल्या माणसाला हा माणूस पटकन कळतो. स्वतःच्या पानात वेगळं काही न घेणं सोपं नाही हो. माझ्याच घरात माझ्यासाठी साय बाजूला काढलेली असते.

आता ज्यासाठी लोक जातात ते. रमणांची गोष्ट थोडक्यात सांगते. 1879 साली तिरुचुळीत जन्म. 1896 च्या जुलैत मदुराईला काकांच्या घरी, सोळाव्या वर्षी, काही आजार नसताना मरणाची प्रचंड भीती वाटली. पोरगा पळाला नाही, कुणाला हाकही मारली नाही. प्रेतासारखा आडवा झाला, श्वास रोखला, ओठ घट्ट मिटले आणि बघत राहिला, की हे शरीर मेलं तर ‘मी’ मरतो का? त्यानंतर शाळेत मन लागेना. ऑगस्टच्या शेवटी, भावाच्या कॉलेजची फी भरायला दिलेल्या पाच रुपयांतले तीन घेऊन आणि दोन मागे ठेवून तो घरातून निघाला. मागे एक चिठ्ठी. तिची सुरुवात ‘मी’ने होते, पुढच्या वाक्यात ‘मी’चं ‘हे’ होतं, आणि खाली सहीच्या जागी नुसती रेघ. सोळाव्या वर्षी! 1 सप्टेंबरला तिरुवण्णामलैला पोचला तो 14 एप्रिल 1950 ला देह ठेवेपर्यंत तिथला अरुणाचल डोंगर सोडून गेला नाही.

त्यांनी सांगितलेलं काम ऐकायला अगदी सोपं आहे. मनात जो विचार येईल त्याच्या मागे धावायचं नाही. हा विचार कुणाला आला, एवढंच विचारायचं. उत्तर येतं, मला. मग हा ‘मी’ कोण, ते आत वळून शोधायचं. जप करायचा नाही, उत्तर घोकायचं नाही. त्यांचं म्हणणं असं की सुख आपलं मूळचंच आहे, हा उपटसुंभ ‘मी’ मध्ये येऊन बसतो म्हणून ते झाकतं. त्याच्या मुळाशी गेलं तर तो सापडतच नाही.

हे करायची जागा म्हणजे जुना हॉल. रमणांच्या समाधीच्या मोठ्या सभागृहाला लागून एक लांबट खोली, फार मोठी नाही. एका टोकाला तो कोच, ज्यावर रमण वर्षानुवर्षं बसले आणि झोपले. त्यावर आता त्यांचा मोठा फोटो आहे. भिंतीला टेकून माणसं बसलेली, पंख्याचा आवाज, कुणाच्या तरी गुडघ्याचा कटकन आवाज. बाहेर मोर ओरडतात, आणि मोराचा आवाज शांततेला पोषक असतो असं ज्यांनी लिहिलंय त्यांनी मोर जवळून ऐकलेला नाही.

पहिल्यांदा बसले तेव्हा गॅसचे सिलेंडर मोजत होते. मग सोमवारचे डबे, मग एका मेंबरचा खाडा धरायचा का नाही. हा विचार कुणाला आला? मला. मी कोण? खानावळवाली. इथेच गाडी अडायची. पुढे काही जाईना. शेजारची माणसं तासतास पुतळ्यासारखी, आणि मी दर दहा मिनिटांनी पाय बदलतेय. प्रकाश दिसला नाही, नाद ऐकू आला नाही, डोळ्यांतून धाराही नाहीत. माझ्या वन्संना, त्या बरोबर होत्या, दुसऱ्याच बैठकीत छान रडू आलं. मला हेवा वाटला. हा हेवा कुणाला वाटला, हे मात्र त्या वेळी विचारायचं सुचलं नाही.

ज्याला खरं काही घडलं म्हणता येईल ते हॉलच्या बाहेर घडलं. दुपारी कॉफी घेऊन मी सुनेला फोन लावला. खानावळ तिच्यावर सोपवून आले होते. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी विचारलं, कसं चाललंय? ती म्हणाली, “आई, तुम्ही अजिबात काळजी करू नका, सगळं एकदम व्यवस्थित आहे. आमटी तर पोरं मागून मागून घेतायत.” आता खरं तर बरं वाटायला हवं की नाही? पोटात एकदम गार पडलं. आमटी मागून घेतायत! माझी आमटी ‘मागून’ कधी घेतली कुणी? मी फोन ठेवला आणि आश्रमात प्राण्यांच्या समाध्या आहेत तिथे जाऊन बसले. लक्ष्मी नावाच्या गाईची आहे, हरणाची आहे, कावळ्याची आहे, जॅकी नावाच्या कुत्र्याची आहे. रमणांनी त्यांना माणसांसारखीच समाधी दिली.

तिथे बसल्यावर तो प्रश्न आपणहून आला. हे लागलं कुणाला? मला. आणि या वेळी मी खरंच बघायला गेले, की जिला लागलंय ती बाई आहे तरी कुठे. छातीत दुखरेपणा होता, तो दिसला. कान गरम झाले होते, तेही कळलं. आमटीचं पातेलं डोळ्यांसमोर होतं, सुनेचा आवाज होता. पण ज्या बाईवाचून खानावळ बंद पडायला हवी होती, ती काही केल्या हाताला लागेना. सगळं सामान जागेवर, मालकीण गायब. त्या थोड्या वेळात जे वाटलं त्याला आनंद म्हटलं तर जास्त होईल. काही कमी नव्हतं, एवढं नक्की. मला काही व्हायचं नव्हतं, कुणी काही म्हणावं असं वाटत नव्हतं. समोर माकडाचं पिल्लू कुणाचा तरी केळ्याचा घड फोडत होतं, तेवढंच चाललं होतं. मग वन्सं आल्या, “वहिनी, चला, वेदपाठ सुरू होतोय,” म्हणाल्या, आणि मालकीण परत हजर झाली. चप्पल शोधताना वन्संवर खेकसलेसुद्धा.

त्यामुळे मला विचाराल तर हॉलमध्ये जितकं बसाल तितकंच बाहेर नुसतं असू द्या. या जागेचा मोठा गुण असा की कुणीही तुम्हाला ‘कोण, कुठल्या, काय करता’ विचारत नाही. नाव फक्त कचेरीच्या वहीत. पंगतीत तुम्ही एक पान, हॉलमध्ये एक आसन. मी उत्तम पुरणपोळी करते हे तिथे एकाही माणसाला ठाऊक नव्हतं, आणि पहिल्या दिवशी टोचलेली हीच गोष्ट नंतर फार हलकी वाटायला लागली. चार भिंतींत स्वतःला शोधत बसण्यापेक्षा, कुणीच आपल्याला ओळखत नाही अशा ठिकाणी वेळेवर जेवणं, हे माझ्यासारखीला जास्त लागू पडलं.

दिवसाचा क्रम ठरलेला आहे. सकाळी आठला पाठशाळेची पोरं वेद म्हणतात, संध्याकाळी पाचला परत. सायंकाळी साडेसहाला तमिळ पारायण. अर्थ कळत नाही, पण त्या चाली दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना ओठांवर येतात. मातृभूतेश्वराचं देऊळ रमणांच्या आईच्या समाधीवर आहे. आई 1922 साली गेल्या, त्यानंतर डोंगरावरून खाली उतरून रमण इथे राहिले आणि आश्रम उभा राहिला. त्यांनी मागे कुणी गुरू नेमला नाही. व्यवस्था त्यांच्या भावाच्या घराण्याकडे आहे. गादीची भांडणं नाहीत, पोस्टरवर कुणाचा चेहरा नाही.

मागच्या बाजूने डोंगरावर दगडी पायवाट आहे, ती स्कंदाश्रमाला, म्हणजे रमणांच्या वरच्या जुन्या मुक्कामाला जाते. सकाळी लवकर निघा. गुडघे बरे असतील तर अर्ध्या-पाऊण तासाचा चढ. वरून अरुणाचलेश्वराचं अख्खं देऊळ दिसतं, मोठं गोपुर अकरा मजल्यांचं, 217 फूट. थोडं खाली विरूपाक्ष गुहा, तिथे रमण 1916 पर्यंत राहिले. गुहेत हवा कोंदट आणि गरम असते, मला पाच मिनिटांवर बसवलं नाही. वन्सं मात्र हलेनात. डोंगराची प्रदक्षिणा 14 किलोमीटर, सगळी डांबरी सडक, वाटेत आठ दिशांची आठ लिंगं. पौर्णिमेला लाखो माणसं चालतात. ज्यांना वारीची सवय आहे त्यांना गर्दीचं काही वाटणार नाही, पण शांतता हवी असेल तर पौर्णिमा आणि तमिळ कार्तिकातला (नोव्हेंबर-डिसेंबर) दीपोत्सव टाळा.

आपल्या माणसांसाठी एक-दोन गोष्टी मुद्दाम सांगते, कारण ‘तो मद्राशांचा आश्रम’ असं कराडात मला एकाने ऐकवलं. रमणांना नामदेवांच्या नाममहात्म्यावरचा एक लेख फार आवडायचा, येणाऱ्यांना ते तो वाचायला लावायचे. महिपतीबुवांच्या ‘भक्तविजया’तल्या संतांच्या गोष्टी तमिळमधून त्यांच्यासमोर वाचल्या जायच्या. आणि आमच्या सातारा जिल्ह्याचा धागा तर सरळच आहे. मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनिअर रमणांकडे यायचे, प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. तेच पुढे औंध संस्थानात आले, आणि 1939 साली तिथले राजे पंतप्रतिनिधी यांनी प्रजेच्या हाती कारभार दिला त्या खटाटोपात राजांचे चिरंजीव अप्पा पंत यांच्याबरोबर होते. औंधच्या जुन्या माणसांना त्यांचं ‘भारतानंद’ हे नाव ठाऊक आहे. नंतर याच फ्रीडमननी मुंबईत खेतवाडीच्या माडीवर अध्यात्मावर बोलणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची मराठी बोलणी इंग्रजीत नेली. निसर्गदत्त महाराजांचं विड्यांचं दुकान होतं. दुकान चालवून हे जमतं, या एका गोष्टीचा मला किती आधार वाटला, ते गल्ल्यावर बसणाऱ्यालाच कळेल.

आता आश्रमाच्या फाटकाबाहेरचं. तो रस्ता चेंगमचा, बस-ट्रक चालूच. रुद्राक्ष, लुंग्या, धूप, परदेशी माणसांसाठी कॉफीची दुकानं. खांबाखांबावर ‘सत्संग’च्या जाहिराती, त्यातल्या काही दणकून पैसे घेणाऱ्या. अहंकार घालवून देतो म्हणणाऱ्या माणसाचा स्वतःचाच एवढा मोठा फोटो कशाला, हे मला कळलं नाही. आश्रमातल्या रात्री संपल्यावर आम्ही बाहेरच्या एका लॉजवर राहिलो. नाव लिहीत नाही. गरम पाणी सकाळी सहा ते सात म्हणाले आणि साडेसहाला बंद. चादरीबद्दल न बोललेलं बरं. भांडून शंभर रुपये कमी करून घेतले, आणि त्या वेळी ‘मी कोण’ वगैरे काहीही आठवलं नाही. रिक्षावाले पहिल्यांदा दुप्पट सांगतात, हसून अर्ध्यावर या.

जायचं कसं: कराडहून रात्रीच्या बसने बंगळूर, तिथून तिरुवण्णामलै साधारण 200 किलोमीटर, कृष्णगिरीवरून पाच तास धरा. चेन्नईहूनही जवळपास तेवढंच. आश्रमात राहायचं तर बरंच आधी ईमेल करून कळवावं लागतं, आणि डिसेंबर ते मार्च खोली मिळणं अवघड. पहिल्यांदा येणाऱ्याला साधारण दोन-तीन रात्री देतात. खोली साधी, स्वच्छ, पंखा, मच्छरदाणी घेऊन जा. एप्रिल-मेमध्ये ऊन भाजून काढतं, नोव्हेंबरात पाऊस असतो. आवारात अनवाणी चालायचं असतं, दुपारी फरशी तापते तेव्हा जाड मोजे उपयोगी पडतात. खाऊ पिशवीत उघडा ठेवू नका, माकडं चेन उघडतात. मी डोळ्यांनी बघितलंय. पाय दुमडत नसतील तर कचेरीत आधीच सांगून जेवायची सोय विचारून घ्या. हिंदी फार चालत नाही, पण घंटा सगळ्यांना कळते.

निघताना देणगी द्यायची तर कचेरीत द्या, पावती मिळते. किती द्यावी ते कुणी सांगत नाही, आणि कमी दिली तर चेहरा बदलत नाही. मी रोजच्या राइसप्लेटच्या हिशोबाने जेवणाचे, वर खोलीचे असे काढले आणि थोडे जास्त घातले.

घरी आल्यावर सुनेची आमटी खाऊन बघितली. गूळ जरा जास्त घालते, आणि ती चांगली लागते. पुढच्या खेपेला तिला पाठवणार आहे, तेवढे दिवस गल्ल्यावर मी. ईमेल तिनेच केलाय, उत्तर यायचंय.